पडद्याआडचा हत्ता

आमच्या धंद्यात हात यांचे आणि कान माझे, हे पुढं नळदुर्गात सगळ्यांनाच ठाऊक झालं. पण आधी बरेच दिवस ते कुणाला कळू नये म्हणून आम्ही दोघांनी जी सोंगं केली, ती आठवली की मला हसूही येतं आणि रागही येतो. राग लोकांचा. ज्याला ऐकू येत नाही त्यानं गाण्याच्या पेट्या विकू नयेत असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि या वयात ती मोडायची मला हौसही नाही. लग्नाआधी हे सोलापुरात एका रेडिओच्या दुकानात कामाला होते. सोलापूर इंग्रजी मुलखात, नळदुर्ग निजामाच्या, आणि मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे मालावर जकात घेणारी चौकी. जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि सोलापुरात नवा माल यायचा बंद झाला. यांनी ओळखलं की आता जुन्या मालाला दिवस आले. नोकरी सोडून घरी आले आणि सोलापुरातून जुने रेडिओ, जुने अँप्लिफायर घ्यायचे, नीट करायचे आणि आपल्या भागात विकायचे, असा धंदा मांडला.

अँप्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. आत काचेचे व्हॉल्व्ह असत, पेटी सुरू झाली की ते तांबूस उजळत, म्हणून आमच्याकडं त्यांना सगळे दिवेच म्हणायचे. चावीच्या फोनोला या पेटीची सुई बसवली की तबकडीवरचं गाणं ओसरीपासून परसापर्यंत ऐकू जाई. गावात वीज नव्हती. पेट्या मोटारीच्या बॅटरीवर चालत, आणि बॅटरी भरून मिळे पिठाच्या गिरणीच्या इंजिनावर. डोक्यावर दळण आणि मागं हमालाच्या खांद्यावर बॅटरी, अशी माझी वरात गिरणीला जायची. बायका विचारायच्या, आज काय दळायलाव, ज्वारी का गाणं?

धंदा बरा चालला होता आणि यांना विषमज्वर झाला. ताप उतरला तो यांचे कान घेऊन गेला. आधी वाटलं अशक्तपणा असेल, चार दिवसांत येईल ऐकू. महिने गेले. मग एके दिवशी हे कामाच्या फळीवर बसले, एक पेटी सुरू केली, कान लावला, दुसरा कान लावला, आणि पेटी बंद करून गोणपाटाखाली झाकून ठेवली. मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही, मी चुलीकडं निघून गेले.

थोरले दीर आमच्या घरातले कर्ते. त्यांची धान्याची आडत होती. माणूस वाईट नव्हता, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी सासूबाईंना सांगितलं, म्हणजे आम्हाला ऐकू जाईल असं सांगितलं, "दसऱ्यापर्यंत बघू. न्हाय जमलं तर ती हत्यारं नि पेट्या सोलापूरला इकून टाकू. आडतीत बसंल. पोती शिवायला कान लागत न्हाईत." सुतळी नि दाभण घेऊन हे जन्मभर भावाच्या दारात पोती शिवत बसलेत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी हट्टी आहे, याबाबत माझं माहेर आणि सासर यांचं एकमत आहे. मी मनाशी म्हटलं, पोती शिवायची नाहीत.

पण नुसतं म्हणून काय होतं! त्याच महिन्यात तुळजापूरचे एक गिऱ्हाईक पेटी बघायला आले. यांनी पेटी लावली आणि पेटी नुसती घूं करायला लागली, गाणं खाली नि घूं वर. हे मात्र पेटीवर हात ठेवून हसतमुख उभे. यांच्या तळव्याला लाकूड थरथरतंय एवढं कळत होतं, आणि जास्त थरथरलं म्हणजे जास्त चांगलं वाजतंय असं यांना वाटत होतं. गिऱ्हाईक कानात बोटं घालून बाहेर पडलं. सोबतचा माणूस पायरी उतरताना म्हणाला, "पेटीपेक्षा मालकच बरा, त्याचा आवाज तरी न्हाय." ते दोघं हसले. आणि ते हसताहेत म्हणून हेही हसले. माझं सगळं दुःख त्या एका हसण्यात होतं.

त्या दिवशी मी यांच्यापुढं जाऊन बसले. तेव्हा आमचं बोलणं म्हणजे थोडं ओठांवरून, थोडं हातवाऱ्यांनी आणि अडलंच तर तळहातावर बोटानं अक्षरं काढून. मी तळहातावर काढलं, 'मी ऐकते.' यांनी मान हलवली, नको म्हणून. मी पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा यांनी हात ओढून घेतला. मी तो परत ओढला.

ऐकायचं म्हणजे काय, हे मला कुठं येत होतं! गाणं चाललंय का बंद आहे, एवढंच मला कळे. मग यांनी मला शिकवलं, आणि शिकवायची तऱ्हा अशी की स्वतःच पेटी बिघडवायची. एक तार सोडवायची आणि माझ्याकडं बघायचं. मी म्हणायची, भुंगा आलाय. ती डाग देऊन, म्हणजे तापल्या सळईनं झाळून जोडायची, दुसरी ढिली करायची. आता काय? लाह्या फुटताहेत. एक व्हॉल्व्ह काढून जुना, थकलेला बसवायचा. आता? आता बाई गातीय ती पत्र्याच्या डब्यात बसून. यांना ऐकू येत नसलं तरी कुठल्या खोडीचा आवाज कसा असतो ते यांना पाठ होतं. माझ्या शब्दावरून हे खोडी ओळखायचे. महिन्याभरात माझा कान इतका तिखट झाला की शेजारणीच्या जात्याची खुंटी सैल आहे ते मला भिंतीपलीकडून कळायला लागलं. सांगितलं तर तिला राग आला.

राहिलं एकच, आणि तेच सगळ्यांत अवघड. गिऱ्हाईक ओसरीवर, पुरुषमाणसांत. मी माजघरात, पडद्याआड. सून पुढं येऊन बोलत नसे, आणि थोरल्या दिरांपुढं तर नाहीच नाही. मला ऐकू येणार आत आणि दुरुस्ती करायची बाहेर. सांगायचं कसं?

माझं माहेर उमरग्याकडचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि वडिलांची आडत. आडतीत धान्याचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवतीच्या माणसांना पत्ता लागत नाही. त्याला हत्ता म्हणतात. लहानपणी वडील मला मांडीवर बसवून धोतराच्या सोग्याखाली हत्ता खेळायचे. मी जिंकले की गूळ. तो हत्ता मला भाकरी थापताना आठवला आणि पिठाच्या हातानंच मी उठले.

माजघराच्या दाराला खणाच्या जुन्या कापडाचा पडदा होता. यांनी कामाची फळी उचलून दाराला भिडवली. पेटी फळीवर, उजवा हात पेटीवर, आणि डावा हात सहज टेकल्यासारखा पडद्यामागं. तो हात माझ्या हातात. एक बोट धरलं तर घूं येतेय. दोन धरली तर खरखर. तीन धरली तर आवाज फाटतोय. सगळा पंजा धरला तर उत्तम, बोला आता. सवय व्हायला वेळ लागला. पहिल्यांदा तर भरदिवसा, पलीकडं माणसं बसलेली असताना यांचा हात हातात धरला म्हणून मलाच इतकं लाजल्यासारखं झालं की मी खरखर सांगायची विसरले.

पण जमलं. एक रेडिओ येरमाळ्याच्या माणसाला गेला, एक नळदुर्गातच गेला. गिऱ्हाईक म्हणायचं, ह्यो माणूस लई बोलत न्हाय, पण कान न लावता वळखतो बगा. थोरल्या दिरांना नवल वाटायचं. विचारलं तर हे मान हलवायचे. दुसऱ्याच्या घरी पेटी दाखवायची असली तर मी बरोबर जायची, बायकांत आत बसायची. आणि हे तिथं हटून बसायचे की पेटी माजघराच्या दाराशीच ठेवा, वाऱ्यानं दिवे बिघडतात. वाऱ्यानं कसले दिवे बिघडतात! ते काय समईतले होते?

पावसाळा सरता सरता सोलापुरात एक मोठी पेटी निघाली. कापडगिरणीतले एक साहेब बदलून जाणार होते, त्यांच्या बंगल्यातला अँप्लिफायर विकायचा होता. आवाज असा की भिंतीतून यावा. ही घेतली तर एका विक्रीत वर्ष निघेल आणि नाही खपली तर असलेलं भांडवल बुडेल. दसरा तोंडावर आला होता. मी म्हटलं, घ्यायची. बंगल्यात पडदा नव्हता, गालिचा होता. मी यांच्याशेजारी खाली बसले आणि पदराखालून हात धरला. साहेब म्हणाले, एकदम चोख आहे, ऐका. गाणं सुरेख होतं. पण दोन ओळींच्या मधे, गाणारी श्वास घ्यायची तिथं, बारीक खरखर होती. मी दोन बोटं दाबली. यांनी पेटीचं मागचं झाकण काढलं, एका व्हॉल्व्हकडं बोट केलं आणि साहेबांकडं नुसतं बघितलं. साहेबांनी किंमत उतरवली. त्यांचे दोन्ही कान धड होते आणि त्यांना ती खरखर कधी ऐकूच आली नव्हती.

नाक्यावर जमादारानं पेटी उघडायला लावली. आत नऊ-दहा काचा बघून म्हणाला, "अत्तर है क्या?" मी पदराआडून म्हटलं, "गाना है." तो म्हणाला, गाण्यावर काय जकात घ्यायची ते मला ठाऊक नाही, आणि लाकडी सामान म्हणून पावती केली. घरी आल्यावर यांनी ती खरखरणारी जागा काढली, विजेवर चालणारी पेटी बॅटरीवर आणली. ते काम करताना यांचं जेवणाखाण्याकडं लक्ष नव्हतं. मी मधेमधे ऐकत होते. शेवटी एकदा मी सगळा पंजा धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

गिऱ्हाईक थोरल्या दिरांनीच आणलं. जळकोटच्या वाटेवरच्या एका गावात एक मोठे आडते होते, दिरांचा त्यांच्याशी मालाचा व्यवहार. त्यांच्या आईला वयानं ऐकू येईनासं झालं होतं. बाईंना भजनाचा फार नाद. घरात चावीचा फोनो होता, बाई त्याच्या कर्ण्यात डोकं घालून बसायच्या तरी ऐकू येत नव्हतं. आडते म्हणत, आईला घरबसल्या ऐकू येईल असा आवाज द्या, किमतीचं बघू. दिरांनी यांना खुणेनं बजावलं, तू मान हलव, बोलायचं मी बघतो. आडत्यांना त्यांनी सांगून ठेवलं की भाऊ बोलायला जरा कमी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा प्रकार. मला ते आवडलं नव्हतं, पण मी पण पडद्याआड बसून तेच करत होते.

नवरात्र चालू होतं. आम्ही बैलगाडीत पेटी गोधडीत गुंडाळून नेली. आडत्यांची ओसरी लांबरुंद, गाद्या घातलेल्या. यांनी नेहमीसारखी पेटी माजघराच्या दाराशी मांडली. मी आत गेले. बाई दाराजवळ घोंगडीवर बसल्या होत्या, कपाळाला भस्माचे पट्टे, डोळे तरतरीत. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पडद्याच्या कडेनं यांचा हात धरला. बाईंनी ते बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सरकून मला जागा दिली.

तबकडी लागली. सुरुवातीला बारीकशी घूं होती, मी एक बोट धरलं, यांनी बटन फिरवलं, घूं गेली. मग भजन आलं. खरं सांगते, तसा आवाज मी त्या पेटीतूनही आधी ऐकला नव्हता. टाळाचा एकेक ठोका वेगळा. बाई ताठ बसल्या. मग त्यांचं डोकं हलायला लागलं, आणि मला कळलं की त्यांना ऐकू येतंय. मी सगळा पंजा धरला.

तेवढ्यात बाहेर आडते म्हणाले, "बंद करा."

यांना कुठून ऐकू येणार? हे पेटीवर हात ठेवून उभे. आडते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हणाले. आमच्या हत्त्यात 'बंद करा' याला खूणच नव्हती, तशी वेळच कधी आली नव्हती. मी उगाच एक बोट, दोन बोटं दाबत राहिले आणि हे गोंधळून बटनं फिरवायला लागले. शेवटी थोरल्या दिरांनी पुढं होऊन पेटी बंद केली.

आडते दिरांना म्हणाले, "पाव्हणं, आडतीत माझं वय गेलं. रुमालाकडं कुणीबी बघतंय. म्या कोपर बघतो. तुमच्या भावाचं डावं कोपर मघापासून हलायलंय. आत कुणासंगं हत्ता चाललाय?"

दिरांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "हत्ता? न्हाय हो, हत्ता कशाचा?"

"किंमत आत ठरायलीय नि तुम्ही मला हितं गाणं ऐकवायलाव. सौदा दोघांचा असतोय. तिसऱ्याचा हात रुमालाखाली आला की त्याला आमच्यात चोरी म्हणतेत."

चोरी हा शब्द मी ऐकला. पडद्याच्या फटीतून मला हे दिसत होते. हे आडत्यांच्या तोंडाकडं बघायचे, मग भावाच्या, मग परत आडत्यांच्या. काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. ओठांवर हसू आणावं का नाही, असं ते तोंड झालं होतं. ते अर्धवट हसू मी तुळजापूरच्या गिऱ्हाइकाच्या वेळी बघितलं होतं आणि पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला, उठले आणि पडदा बाजूला करून ओसरीवर आले.

थोरल्या दिरांनी मान फिरवली. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढं मी एक शब्द बोलले नव्हते.

मी म्हणाले, "हत्ता माझ्यासंगं चाललाय. किमतीचा न्हाय. यांना ऐकू येत न्हाय. पेटी कशी बोलायलीय ते म्या आतनं सांगते नि हे बरोबर करतेत. ह्यात चोरी काय झाली?"

आडते दिरांकडं वळून म्हणाले, "तुम्ही म्हणलाव बोलायला कमी हाय." दीर गादीच्या कडेकडं बघत राहिले.

"ऐकूच येत न्हाय, त्यानं जोडलेला बाजा म्या कुणाच्या भरवशावर घ्यावा? उद्या बिघडला तर सांगू कुणाला?"

"मला सांगा," मी म्हणाले. "बिघडला तर ऐकायला म्या हाय, नीट करायला हे हायत. ज्या सायबाकडनं ही पेटी आणली त्याचे दोनी कान शाबूत व्हते. आत खरखर व्हती, ती त्याला कळली न्हाय. आमाला कळली. घ्यायची नसंल तर नका घेऊ. पण चोर म्हणू नका. पेटी गोधडीत गुंडाळून आमी आल्या वाटंनं जाऊ."

इतकं मी बोलले आणि वळले. गोधडी कुठं ठेवलीय ते बघायला लागले, म्हणजे कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. पेटी परत जाणार, दसऱ्याला हत्यारं सोलापूरला जाणार, आणि हे सगळं मी तोंड उघडल्यामुळं झालं असं घर म्हणणार. म्हणू दे, असं मी ठरवलं. लपवून पेटी खपवण्यापेक्षा सांगून पोती शिवलेली परवडली.

तेव्हा आतून आवाज आला, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा मोठा. "बंद का केलाव रं? लावा की."

बाईंना आमच्या भांडणातलं एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. भजन चाललं होतं आणि मधेच थांबलं, एवढंच त्यांना माहीत. त्या काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच बसल्या. आडते म्हणाले, "आव्वा, थांब जरा." त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी यांच्याकडं बघितलं आणि हवेत बोटं फिरवून दाखवलं, बटन फिरवतात तसं. यांनी मान डोलावली आणि पेटी लावली. मधे मी नव्हते, दीर नव्हते. त्या दोघांना एकमेकांचं बरोबर कळलं.

बाई उंबऱ्यावर बसून मांडीवर ताल धरत होत्या आणि एकदा चुकीच्या जागी धरला तेव्हा स्वतःशीच हसल्या. आडते आईकडं बघत होते. किती वर्षांनी त्यांनी आईला ताल धरताना बघितलं असेल कोण जाणे. सुई शेवटच्या रेघेत फिरायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूनं लाव."

आडत्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. एक टोक स्वतःच्या हातावर टाकलं आणि हात यांच्यापुढं धरला. हे क्षणभर माझ्याकडं बघायला लागले. मी आडत्यांच्या हाताकडं मान वळवून खूण केली, आता तो हत्ता धरा. आकड्यांचा हत्ताही मी यांना शिकवला होता, संध्याकाळी गंमत म्हणून. यांनी उपरण्याखाली हात घातला. दीर दोघांच्या कोपरांकडं बघत होते, आडते यांच्या डोळ्यांकडं. एकदा यांनी हात ओढून घेतला. आडत्यांनी तो पुन्हा धरला. मग उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाले, "हत्ता चांगला शिकवलाव. बॅटरी उतरली की कळवतो. येताव तवा पुढं बसा, पडद्याआड नको."

परत येताना उन्हं कलली होती. पेटी नव्हती म्हणून गाडी हलकी चालत होती. थोरले दीर गाडीवानाशेजारी बसलेले, आमच्याकडं पाठ. ते समोर बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "परवा खंडेनवमी हाय. आडतीतला तराजू पुजायचाय. झाळायची सळई, पक्कड, काय हाय ते सगळं घासून तराजूशेजारी मांडा म्हणावं." म्हणावं, म्हणजे मी यांना म्हणावं. खंडेनवमीला पुजलेली हत्यारं आमच्या घरात विकत नसत. मी यांच्या तळहातावर एवढंच काढलं, 'राहिली.' यांनी तळहात मिटून घेतला.

गाडी ओढ्यातून वर आल्यावर हे माझ्याकडं वळून म्हणाले, "तू बाहेर येऊन बोललीस. काय बोललीस ते मला ओठावनं निम्मं कळलं. आवाज कसा आला?"

हा प्रश्न यांनी मला शेकडो वेळा विचारला होता, पण पेटीबद्दल. माझ्या आवाजाबद्दल तापानंतर एकदाही विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. ओठ हलवून, सावकाश, "थरथरला."

यांनी विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "तार ढिली असंल. घरी गेल्यावर डाग देऊ."

दुखण्यातून उठल्यापासून या माणसानं माझी थट्टा केली नव्हती. मी थोरल्या दिरांदेखत खळखळून हसले. मला हसताना बघून हेही हसायला लागले, इतक्या मोठ्यानं की बैल बुजले आणि गाडीवानानं मागं वळून बघितलं. आपला आवाज केवढा होतोय ते यांना कळत नव्हतं, आणि हळू हसा असं सांगायला मी काही गेले नाही.